चष्मा काढला की वजीर हलवायचा नाही

प्रभादेवी,
१६ जून २०२५

विहीणबाईंना जगदीश सावंतचा नमस्कार.

शेफालीने घरचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद करून टाकला आणि आपल्या दोघांना बजावलं, की यापुढे एकमेकांना काय सुनवायचं असेल ते कागदावर लिहा, लिहिताना माणूस निदान एकदा तरी विचार करतो. सूनबाईंचा हुकूम मानून लिहायला बसलो आहे. पत्र तीच तुमच्याकडे कफ परेडला पोचवेल.

काल गिरगावच्या स्पर्धेला श्रेयाला घेऊन जायची पाळी तुमची होती. तुम्ही ती पार पाडलीत, त्याबद्दल आभारी आहे. स्पर्धा बुद्धिबळाची होती, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. माझ्या कानावर आलं ते असं. तिसऱ्या फेरीत डाव ऐन रंगात असताना तुम्ही पालकांसाठी बांधलेली दोरी ओलांडून आत गेलात आणि आपल्या नातीच्या हातात भाजलेला सुका बोंबील ठेवलात. समोरच्या मुलीने नाक धरलं. पंच आकांक्षा मॅडम धावत आल्या, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे, की सकाळपासून पोर उपाशी आहे, तुम्हीपण घ्या एक.

विहीणबाई, या खेळाला काही रीत असते. डावाआधी समोरच्याशी हात मिळवायचा, हरलं तरी हसून मिळवायचा. ज्या सोंगटीला हात लागला ती हलवावीच लागते. आणि प्रेक्षकाने बोलायचं नसतं, जवळ जायचं नसतं, चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नसतं. हे सगळं मी श्रेयाला ती सहा वर्षांची असल्यापासून शिकवत आलो आहे. आज ती दहा वर्षांची आहे आणि तिच्या वजिराला मासळीचा वास येतो.

पुढची स्पर्धा २९ तारखेला दादरला आहे. जिल्ह्याच्या संघात चार मुली त्यातून निवडणार आहेत. पाळी माझी आहे, त्यामुळे काळजी नसावी.

आपला,
जगदीश सावंत


मच्छीमार नगर,
१८ जून २०२५

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर फार सुंदर आहे. ऑफिसात असताना मेमो लिहायला तुम्हालाच बसवत असतील.

बोंबलाची हकिगत तुमच्यापर्यंत पोचली, पण अर्धीच पोचली. आकांक्षा मॅडमनी एक घेतला. मागाहून, मधल्या सुट्टीत येऊन आणखी आहेत का विचारलं. आणि ती तिसरी फेरी आमची बाय जिंकली, हे तुम्ही लिहायचं विसरलात. हॉलमधल्या दुसऱ्या आया पोरांच्या तोंडात क्रीमची बिस्किटं कोंबत होत्या. त्यांचा वास येत नाही म्हणून ती रीतीत बसतात का, ते एकदा कळवा.

आमच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर. जाळी शिवायची, सुकी मासळी विकायची आणि रविवारी नातीला खेळायला न्यायची, एवढंच सध्या माझं काम. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे मी लपवत नाही. पण तुमची कोडी मी रोज बघते. सकाळी शेफालीच्या फोनवर तुमचं पटाचं चित्र येतं, ती ते मला पुढे पाठवते, खाली लिहिलेलं, ‘पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.’ आमच्याकडे राहायला आली की पोर पेला हातात धरून तसंच बघत बसते आणि दुधावर साय येते. एकदा मी विचारलं, आजोबा समोर बसून खेळतात तेव्हा कोण जिंकतं. म्हणाली, हल्ली मी जिंकायला लागले की आजोबांना फोन येतो.

दादरला चेहऱ्यावर काहीही न दाखवता कसं बसायचं असतं, ते श्रेयाकडून ऐकायला मी आतुर आहे.

मंजुळा तांडेल


प्रभादेवी,
३० जून २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

कालची दादरची स्पर्धा व्यवस्थित पार पडली. शेवटच्या फेरीत श्रेयाची गाठ गिरगावच्या पूर्वी नावाच्या मुलीशी पडली आणि डाव बरोबरीत सुटला. अर्ध्या गुणाने ती पाचवी आली. संघ चौघींचा आहे. ३ ऑगस्टला लालबागला एका राखीव जागेसाठी आणखी एक निवड स्पर्धा आहे, तेव्हा संधी गेलेली नाही.

हॉलमध्ये उकाडा फार होता. पंखे जुने आहेत. त्यामुळे शेवटच्या डावाचा उत्तरार्ध मी बाहेरच्या व्हरांड्यात बसून काढला. आयोजकांना पंख्यांबद्दल लिहिणार आहे.

श्रेया जरा गप्प आहे. दमली असेल.

आपला,
जगदीश सावंत


मच्छीमार नगर,
२ जुलै २०२५

व्याहीबुवा,

पंख्यांचं ऐकून वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकट्या तुम्हालाच उकडावं, आणि तेही पंचांनी दंडाला धरून बाहेर नेण्याइतकं, म्हणजे पंखे फारच जुने असणार.

मला शेफालीने नाही सांगितलं. तिला आकांक्षा मॅडमचा फोन आला होता, पण ती कुणाची चहाडी करत नाही. मला श्रेयाने सांगितलं, काल जेवताना, भात कालवता कालवता. तक्रारही नव्हती त्यात. शाळेत काय झालं ते सांगावं तसं सांगितलं. आता तिने सांगितलेलं मी तुम्हाला सांगते. तुम्ही व्हरांड्यात होतात ना, तुम्हाला आत काय झालं ते कसं कळणार.

सकाळी टॅक्सीत तुम्ही तिला म्हणालात, की मी चष्मा काढला तर वजीर हलवायचा नाही आणि रुमालाने तोंड पुसलं तर घोडा खेळायचा. पोर गप्प राहिली. तुम्हाला वाटलं, ऐकलं तिने. ती गप्प राहिली कारण आजोबा थट्टा करतायत की खरंच सांगतायत, ते तिला कळेना.

मग शेवटच्या डावात पूर्वीचं एक प्यादं मोकळं पडलं. श्रेया वजिराने ते मारायच्या विचारात होती. तिने वर बघितलं तर दोरीपलीकडे तुम्ही चष्मा काढून उभे. काढला तो काढलात, वर रुमालाने तोंड पुसायला लागलात. एकदा पुसलंत, तिने बघितलं नाही म्हणून पुन्हा पुसलंत. शेजारची कोण बाई तुम्हाला पाणी हवंय का विचारायला लागली.

श्रेयाने घड्याळ थांबवलं, हात वर केला, आकांक्षा मॅडम आल्या. आणि तुमची दहा वर्षांची विद्यार्थिनी त्यांना म्हणाली, “ते माझे आजोबा आहेत. ते खुणा करतायत. त्यांना बाहेर बसवा, पण ओरडू नका, त्यांना बीपी आहे.”

जेवताना एवढं सांगून तिने मला आणखी आमटी मागितली.

मी बोंबील दिला होता, व्याहीबुवा. तो खाल्ला तर पोट भरतं, आणि तो कुणी दिला ते सगळ्यांना दिसतं.

मंजुळा


प्रभादेवी,
४ जुलै २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

आपलं पत्र वाचून आनंद झाला असं लिहिण्याची पद्धत आहे. तेवढं वाक्य गाळतो.

मला दंडाला धरून नेलं नाही. आकांक्षा मॅडम पुढे चालत होत्या आणि मी मागे. हॉलमधले सगळे पालक मात्र बघत होते. यातल्या निम्म्या पालकांची मुलं मधल्या सुट्टीत बाथरूमच्या बाहेर बापाकडून पुढच्या चाली पाठ करतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्यांच्यातलं एकही मूल हात वर करत नाही. सदतीस वर्षं नोकरी केली, कुणी मला ‘बाहेर बसा’ म्हटलं नव्हतं. ते ऐकायची वेळ आली ती माझ्याच नातीमुळे.

वर हेही सांगतो. मी केलेली खूण अचूक होती. तो घोडा पुढे आला असता तर पूर्वीच्या वजिरावर आणि हत्तीवर एकदमच घाव पडत होता. चार चालींत डाव संपला असता आणि श्रेया आज संघात असती. तिने ती चाल मुद्दाम खेळली नाही, कारण ती मी दाखवली होती. राजाला एक घर बाजूला सरकवलं आणि बरोबरीवर समाधान मानलं. तत्त्वनिष्ठा चांगली गोष्ट आहे. दहाव्या वर्षी ती अर्ध्या गुणाला पडते, एवढंच.

रविवारपासून ती माझ्या फोनवर आलेली नाही. कोडी पाठवतो, त्यांवर दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. माझ्याकडून तिला दुखवायचा हेतू नव्हता, हे तिला कुणी सांगितलं तर बरं होईल. मी सांगायला फोन उचलतो आणि आणखी एक कोडं पाठवून खाली ठेवतो. बीपीचा त्रास असेल.

आपला,
जगदीश


मच्छीमार नगर,
२१ जुलै २०२५

व्याहीबुवा, नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आणि वाईट ते तुम्हाला परळहून तुमचा विनीत सांगतच असेल.

तरी सांगते. दादरहून आल्यावर श्रेयाने पट गुंडाळून ठेवला. लालबागच्या स्पर्धेचं नाव काढलं की अभ्यास आहे म्हणायची. चौथीतल्या पोरीला एवढा कसला अभ्यास, असं मी शेफालीला विचारलं. ती म्हणाली, आई, तू विचारू नकोस, विनीत विचारून थकला. घरात सगळे मांजराच्या पावलांनी चालत होते. तुमच्या कोड्यांवर निळ्या खुणा उमटायच्या त्या शेफालीच्या. पोर फोन हातात घेतच नव्हती.

गेल्या शनिवारी ती माझ्याकडे राहायला आली. मी काही समजावलं नाही. तेवढी अक्कल मला आहे. मी नुसतं म्हटलं, बाय, मला शिकव ना तो खेळ, होड्या अजून वर आहेत, वेळ जात नाही माझा. ती म्हणाली, पट नाही आणला. मी म्हटलं, खालच्या केतनच्या घरी आहे, मागून आणते. मागून आणला. त्यात एक उंट कमी होता, तिथे मी लसणीची पाकळी ठेवली.

तिने आधी माझ्याशी हात मिळवला. फार गंभीरपणे मिळवला, मलाच हसू यायला लागलं. मग मी खेळायला लागले. मला वाटलं तेव्हा हत्ती तिरका गेला. प्यादं मागे आलं. तिचा घोडा मी उचलून मांडीखाली ठेवला आणि विचारल्यावर ‘कुठला घोडा’ म्हटलं. आधी ती रागावली, मग नियम सांगायला लागली, मग हसून हसून आडवी पडली. तीन आठवड्यांनी हसताना ऐकलं मी तिला. शेजारचे बघायला आले.

जेवण झाल्यावर तिने आपणहून पट पुन्हा मांडला आणि म्हणाली, आजी, हा दादरचा डाव. मला त्यातलं काय कळणार, पण तिने बोट ठेवून ठेवून दाखवलं तसं लिहिते, तुम्ही तुमच्या पटावर मांडून बघा. तुमचा तो अचूक घोडा, तो शेवटच्या ओळीवर राजाच्या बाजूला राखणीला उभा होता. तो उठून पुढे गेला की ती ओळ उघडी पडते. राजाच्या समोर त्याचीच तीन प्यादी दाटून उभी. मग पूर्वीचा तोच हत्ती, ज्याच्यावर तुमचा डोळा होता, तो थेट शेवटच्या ओळीवर येतो आणि मात. चार चालींत नाही. एकाच.

म्हणजे तिने तुमची चाल सोडली ती तत्त्वापायी नव्हे, व्याहीबुवा. ती चाल चुकीची होती म्हणून सोडली. राजा बाजूला सरकवला तो त्यासाठीच. मी विचारलं, मग हे तू आजोबांना सांगितलं का नाहीस. म्हणाली, त्यांना वाईट वाटेल.

लालबागला ती खेळणार आहे. सोबत तुम्ही यायचं, मी नाही, कारण मी खायला आणते. माझी अट एवढीच, की तुम्ही फाटकाच्या बाहेर थांबायचं आणि घरी येताना निकाल विचारायचा नाही. जमेल का ते कळवा. नसेल जमत तर विनीत रजा काढतो म्हणाला आहे.

मंजुळा


प्रभादेवी,
२३ जुलै २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

पट मांडून बघितला. सकाळी एकदा मांडला, दुपारी पुन्हा मांडला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे कोंडीराम परब आले, त्यांना न सांगता काळ्या बाजूला बसवलं. त्यांनी हत्ती उचलला, शेवटच्या ओळीवर ठेवला आणि विचारलं, सावंत, तब्येत बरी आहे ना.

चष्म्याची खूण बरोबर होती, एवढं नमूद करून ठेवतो. वजिराने ते प्यादं मारलं असतं तर वजीर सापडला असता. निदान निम्मा भाग मला द्यावा.

मला वाटत होतं, तिला माझी लाज वाटली म्हणून ती बोलत नाही. ती माझी चूक झाकत होती. हे मला तुमच्याकडून, लसणीची पाकळी उंटाच्या जागी ठेवणाऱ्या बाईकडून कळावं, याबद्दल मी कुणाकडे दाद मागू शकत नाही.

अट मान्य आहे. शेफालीला सांगा, विनीतने रजा वाया घालवू नये.

आपला,
जगदीश


प्रभादेवी,
४ ऑगस्ट २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

कालचा वृत्तांत लिहितो. या वेळी पंखे वगैरे काही नाही, सगळं आहे तसं.

फाटकाशी पोचल्यावर श्रेयाने माझ्या हातातून आपली पिशवी घेतली, ‘आजोबा, इथेच हां’ म्हणाली आणि आत गेली. मी तिथेच. माझ्यासारखे बरेच होते. एक गृहस्थ गॅरेजच्या कठड्यावर चढून खिडकीतून बघत होते आणि खाली बायकोला चाली सांगत होते. ती त्या चाली फोनवर कुणा शिक्षकाला सांगत होती. शिक्षकाचं उत्तर मुलापर्यंत पोचवायची सोय न झाल्याने दोघं एकमेकांवर वैतागली. एका बाईंनी मला विचारलं, तुमचं कोण आहे आत. मी म्हटलं, माझे गुरू.

मधल्या सुट्टीत आकांक्षा मॅडम बाहेर आल्या. मला ओळखलं. आतून एक खुर्ची आणवली आणि फाटकापासून चांगली लांब, केळीवाल्याच्या गाडीशेजारी ठेवली. मी बसलो. चष्मा काचा पुसायलासुद्धा काढला नाही. सांगायचं कारण एवढंच, की घामाने पुढचं काही दिसत नव्हतं.

मुलं सुटली ती एकदम सुटली. काही रडत होती. एका मुलीला तिची आई तिथेच, रस्त्यात, कुठली चाल चुकली ते विचारत होती आणि मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मग श्रेया आली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मीच शिकवलं आहे ते तिला, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. एवढं चांगलं शिकवायला नको होतं.

मी विचारलं नाही. लालबागच्या गल्लीतून तिने चिवडा घ्यायला लावला, तो खात आम्ही परळपर्यंत चालत गेलो. ती मला शाळेतल्या बाईंबद्दल सांगत होती, कुणाच्या तरी वाढदिवसाबद्दल सांगत होती, तुमच्या होड्या आता कधी पाण्यात जाणार तेही सांगितलं. मी ‘हो का’, ‘अरे वा’ करत होतो. एका सिग्नलला ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काही बोलेन. मी दिवा हिरवा झाला असं म्हणालो. दाराशी पोचल्यावर तिने माझ्या हाताला हात लावला, खेळाडू डाव संपल्यावर लावतात तसा नाही, नेहमीचा. मग आत पळाली. शेफाली ड्यूटीवर होती. विनीतला मी विचारू शकलो असतो, पण मग तो दिलेल्या शब्दाचा भंग झाला असता, म्हणून खालूनच परत फिरलो.

विहीणबाई, ती पोर जिंकली की हरली, संघात आहे की नाही, मला अजून माहीत नाही. रात्रभर झोप लागली नाही, पण विचारलं नाही. आज ती तुमच्याकडे येणार आहे. तुम्हीही विचारू नका. तिने आपणहून सांगितलं, तर दोन ओळी लिहा.

आपला,
जगदीश


मच्छीमार नगर,
५ ऑगस्ट २०२५

व्याहीबुवा, नमस्कार.

विचारायची वेळच आली नाही. पायातल्या चपला काढायच्या आधी तिने सगळं सांगून टाकलं.

संघात निवड नाही झाली. तीन डाव जिंकली, दोन हरली. शेवटचा हरली तो एका सात वर्षांच्या पोरीकडून, जिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते आणि जिने डावभर अंगठा चोखला. त्या पोरीने आपला वजीर असा सहज फुकट दिला म्हणे, बायला वाटलं चुकली, तिने तो घेतला, आणि पुढच्या दोन चालींत घोड्याने आणि एवढ्याशा प्याद्याने मिळून मात. सांगताना हिचे डोळे असे चमकत होते, की मला आधी वाटलं हीच जिंकली. हरून कुणी इतकं खूश झालेलं मी आमच्या अख्ख्या नगरात बघितलं नाही. ती मात तिने मला सहा वेळा दाखवली. सातव्यांदा केतनच्या आईला बोलावून दाखवली. डाव संपल्यावर त्या पोरीला म्हणाली, मला शिकव ना हे, आणि दोघी टेबलाखाली बसून पुन्हा मांडत राहिल्या. म्हणून तुमची नात सगळ्यात शेवटी बाहेर पडली.

पुढच्या वर्षीच्या निवडीला आतापासून तयारी करायची आहे, त्यासाठी रोजची कोडी परत सुरू करा असा निरोप आहे. सोपी नकोत.

मी तिला म्हटलं, अगो, हे सगळं काल आजोबांना का नाही सांगितलंस, लालबागपासून परळपर्यंत बरोबर होतात ना. तर तोंड एवढंसं करून म्हणाली, “मी सिग्नलला थांबलेपण. पण त्यांनी विचारलंच नाही.”

मंजुळा